परीक्षकाच्या खुर्चीतील स्वातंत्र्यवादी

लंडनच्या लेडनहॉल स्ट्रीटवर ईस्ट इंडिया कंपनीची जी भव्य कचेरी होती, तीत २१ मे १८२३ रोजी एक मुलगा कनिष्ठ कारकून म्हणून रुजू झाला. आदल्याच दिवशी त्याला सतरावे वर्ष पूर्ण झाले होते. वडील त्याच खात्यात अधिकारी असल्यामुळे नोकरीसाठी त्याला कोणाचे उंबरठे झिजवावे लागले नाहीत. पुढे पस्तीस वर्षे हा मनुष्य त्याच इमारतीत बसून हिंदुस्थानात धाडावयाच्या खलित्यांचे मसुदे लिहीत राहिला. आणि नोकरी संपल्यावर काही महिन्यांतच, फेब्रुवारी १८५९ मध्ये, त्याचा एक छोटेखानी ग्रंथ प्रसिद्ध झाला. व्यक्तिस्वातंत्र्याचा विषय निघाला की आजही त्या ग्रंथाला वळसा घालून कोणाला पुढे जाता येत नाही. त्याचा कर्ता जॉन स्टुअर्ट मिल. स्वातंत्र्याचा हा थोर वकील आणि आपल्या देशावर राज्य करणाऱ्या कंपनीचा हा नेकीचा नोकर, हे दोघे एकाच अंगरख्यात वावरत होते. आपण त्याच्याविषयी बोलताना यांपैकी एकालाच समोर बोलावतो, आणि दुसऱ्याला दाराबाहेर उभे करतो. दोघांनाही एकत्र बसवून पाहिले पाहिजे.

वडील जेम्स मिल हा स्कॉटलंडमधील एका चांभाराचा मुलगा. बुद्धी तीव्र, स्वभाव कोरडा आणि शिस्त लोखंडी. त्याने १८१७ साली ब्रिटिश हिंदुस्थानचा इतिहास प्रसिद्ध केला. तो कधी हिंदुस्थानात आला नव्हता, इथली एकही भाषा त्याला येत नव्हती. आणि याबद्दल खंत वाटण्याऐवजी त्याला काहीसा अभिमानच होता. प्रत्यक्ष पाहणाऱ्याची दृष्टी मर्यादित असते, घरी बसून कागदपत्रे चाळणाऱ्याला निःपक्षपाती निवाडा करता येतो, असे त्याने प्रस्तावनेत चक्क प्रतिपादन केले. या इतिहासाची मुद्रिते वाचण्याच्या कामी त्याला मदत करीत होता तो दहा-अकरा वर्षांचा जॉन. हिंदी समाज म्हणजे रानटीपणाच्या आसपास रेंगाळलेला समाज, हा बापाचा निष्कर्ष मुलाने वयाच्या त्या वर्षी छापील अक्षरांत तपासला. ही गोष्ट लक्षात ठेवावयास हवी. ती पुढे उपयोगी पडणार आहे.

जॉनच्या शिक्षणाची हकीकत सर्वश्रुत आहे. तिसऱ्या वर्षी ग्रीक, आठव्या वर्षी लॅटिन, बाराव्या वर्षी तर्कशास्त्र, तेराव्या वर्षी अर्थशास्त्र. शाळा नाही, सवंगडी नाहीत, खेळ नाहीत. सकाळी बापाबरोबर फिरावयास जायचे आणि आदल्या दिवशी वाचलेले सांगायचे. घरी आल्यावर धाकट्या भावंडांना शिकवायचे, आणि त्यांची चूक झाली तर बोलणी आपण खायची. बापाचा मित्र आणि गुरू जेरेमी बेंथम. मनुष्य सुखाकडे धावतो आणि दुःखापासून पळतो. तेव्हा कायद्याची चाके अशी जुळवावीत की प्रत्येकाच्या स्वार्थातून जास्तीत जास्त लोकांचे सुख निर्माण व्हावे, हे बेंथमचे राज्यशास्त्र. राज्यकर्त्यांच्या अंगी सद्गुण असतील अशी आशाच करू नये, त्यांच्यावर लोकप्रतिनिधींचा पहारा बसवावा, हे जेम्स मिलने त्यास जोडलेले कलम. मानवी स्वभावाचे हे गणित मांडून एक मुलगा लहानपणापासून तयार करण्यात आला. तो म्हणजे त्या सिद्धांताचा जिवंत नमुनाच होता.

आणि विसाव्या वर्षी नमुना मोडला. १८२६ च्या शरद ऋतूत एके दिवशी जॉनने स्वतःलाच विचारले, की आपण ज्या सुधारणांसाठी झटतो आहोत त्या सर्व या क्षणी अमलात आल्या, तर आपल्याला आनंद होईल काय? आतून उत्तर आले, नाही. त्यानंतर कित्येक महिने तो कचेरीत जात होता, लिहीत होता, सभांतून बोलत होता, आणि मनाने मेलेला होता. पुढे मार्मोंतेल या फ्रेंच लेखकाच्या आठवणी वाचताना, बाप वारल्यावर घराचा भार उचलू पाहणाऱ्या लहान मुलाचा प्रसंग आला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. आपण अगदीच दगड झालेलो नाही, हे त्याला त्या अश्रूंनी कळले. मग वर्ड्‌स्वर्थच्या कवितेने त्याला हळूहळू सावरले. बापाच्या शिक्षणक्रमात काव्याला फारसे स्थान नव्हते, हे वेगळे सांगावयास नको.

या आजाराकडे केवळ चरित्रातील एक करुण प्रकरण म्हणून पाहून चालणार नाही. मिलचे राज्यशास्त्र येथे बदलले. मनुष्य ही बाहेरून घडवून, किल्ली देऊन चालू करावयाची वस्तू नाही. तो आतून वाढणारा जीव आहे, आणि त्याच्या वाढीला मोकळी जागा लागते, ही जाणीव त्याला पुस्तकातून झाली नाही, ती त्याने स्वतःच्या जिवावर भोगून मिळविली. त्यानंतर, सरकार चांगले कशावरून म्हणावे, या प्रश्नाचे त्याचे उत्तर निराळे झाले. कारभार सुरळीत आहे, रस्ते आहेत, चोऱ्या होत नाहीत, एवढ्याने त्याचे समाधान होईना. त्या सरकारखाली राहून माणसे कशी होतात, अधिक धीट, अधिक विचारी, अधिक स्वावलंबी होतात की मेंढरे होतात, हे तो विचारू लागला.

१८३० साली त्याची हॅरिएट टेलर या विवाहित स्त्रीशी ओळख झाली. दोघांचा स्नेह वीस वर्षे चालला. लंडनच्या प्रतिष्ठित समाजाने त्यावर यथेच्छ तोंडसुख घेतले. तिचे पती १८४९ मध्ये वारले, आणि १८५१ मध्ये त्यांचा विवाह झाला. विवाहापूर्वी मिलने एक निवेदन लिहून ठेवले, की कायदा पतीला पत्नीच्या शरीरावर, मिळकतीवर आणि हालचालींवर जे अधिकार देतो ते आपल्याला मान्य नाहीत आणि आपण ते कधीही वापरणार नाही. कायद्याने त्या कागदाला कवडीची किंमत नव्हती. तरीही त्याने तो लिहिला. स्वातंत्र्यावरील ग्रंथ दोघांनी मिळून पुन्हापुन्हा तपासला होता. शेवटचा हात फिरविण्यापूर्वीच, नोव्हेंबर १८५८ मध्ये, प्रवासात असताना फ्रान्समधील अव्हीन्यों येथे तिचा अंत झाला. ग्रंथ तिला अर्पण करून मिलने आहे तसा छापावयास दिला.

लोक काय म्हणतील, या तीन शब्दांची दहशत मराठी माणसाला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. मिलच्या ग्रंथाचा खरा विषय ही दहशत आहे. राजाच्या जुलमाविरुद्ध लढण्याची हत्यारे माणसाने शोधून काढली. पण राज्य लोकांचेच झाले म्हणजे जुलूम संपला, या समजुतीवर त्याने बोट ठेवले. बहुमतही जुलूम करते, आणि शेजारपाजार, जात, पंथ, वृत्तपत्रे यांचे मत तर शिपाई न पाठविता माणसाच्या घरात शिरते. म्हणून त्याने मर्यादा आखली: दुसऱ्याला इजा होत असेल तेवढ्यापुरताच समाजाला व्यक्तीवर हात टाकण्याचा अधिकार, तिच्या स्वतःच्या भल्यासाठी तिला समजावता येईल, विनविता येईल, सक्ती करता येणार नाही. मतस्वातंत्र्याच्या बाबतीत तर एकट्या माणसाचेही तोंड बंद करण्याचा अधिकार त्याने उरलेल्या सगळ्या जगाला नाकारला. दडपलेले मत खरे असेल तर आपण सत्याला मुकतो. खोटे असेल तर आपल्या सत्याची धार जाते आणि ते पाठ केलेले स्तोत्र बनते. हा दुसरा मुद्दा शिक्षकांनी विशेष मनावर घ्यावा असा आहे.

एवढे सांगून झाल्यावर, पहिल्याच प्रकरणात, मिलने एक अपवाद लिहिला. हा सिद्धांत लहान मुलांना लागू नाही. आणि ज्या समाजांची अद्याप बाल्यावस्था आहे त्यांनाही लागू नाही. अशा समाजांवर एकतंत्री राज्य करणे योग्यच आहे, मात्र हेतू त्यांच्या उन्नतीचा असला पाहिजे. त्याने ही चार-दोन वाक्ये अगदी सहजपणे, जाता जाता लिहिली आहेत. त्या वाक्यांत आपण होतो.

ती ज्या खुर्चीवरून लिहिली गेली तिचा विचार येथे करावा लागतो. कंपनीच्या ज्या खात्यात मिल होता त्यातील अधिकाऱ्याला एक्झॅमिनर, म्हणजे परीक्षक, म्हणत. हिंदुस्थानातून जहाजाने कागदांचे गठ्ठे येत. ते वाचून उत्तराचा मसुदा परीक्षक-खात्याने करावयाचा. मग तो कंपनीच्या अध्यक्षांकडे, तेथून सरकारच्या नियामक मंडळाकडे, तेथे खाडाखोड होऊन पुन्हा संचालकांकडे, असा फिरत फिरत अखेर तो पुन्हा जहाजात बसे. देशी संस्थानांशी संबंधित पत्रव्यवहार वर्षानुवर्षे मिलकडे होता. त्याने नोकरीत सुमारे सतराशे मसुदे लिहिले. कामाचा उरक विलक्षण. सकाळी दहाला यायचे, टेबलावरच चहा, पाव आणि एक उकडलेले अंडे घ्यायचे, आणि कचेरीचे काम आटोपून उरलेल्या वेळात तर्कशास्त्रावर किंवा अर्थशास्त्रावर ग्रंथ लिहायचा. आजच्या कारकुनांनी हे वाचून आपल्या साहेबांना दाखवू नये!

याच काळात, याच इमारतीच्या पायऱ्या एक मराठी माणूस झिजवीत होता. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांना कंपनीने १८३९ मध्ये पदच्युत केले. त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते विलायतेस गेले आणि १८५३ पर्यंत तेथे राहिले. त्यांनी अर्ज केले, पत्रके छापली, भागधारकांच्या सभेत भाषणे केली. त्यांचे धनी काशीस नजरकैदेत वारले, १८४८ मध्ये दत्तकपुत्र नामंजूर करून सातारा खालसा झाला, तरी हा गृहस्थ तेथेच ठाण मांडून होता. न्याय मिळाला नाही. रंगो बापूजींनी केले ते काय होते? सनदशीर मार्गाने, युक्तिवादाने, छापील शब्दाने आणि जाहीर सभेत सत्तेला प्रश्न विचारणे. मिलच्या लेखी सुधारलेल्या समाजाचे जे लक्षण, तेच हा बाल्यावस्थेतील समाजाचा माणूस त्याच्या कचेरीच्या दारात चौदा वर्षे करीत होता.

मिलला दोष देताना त्याच्या बाजूचा कागदही पुढे ठेवला पाहिजे. १८३५ मध्ये मेकॉलेने आपले ते प्रसिद्ध टिपण लिहिले आणि बेंटिंकने सरकारी पैसा इंग्रजी शिक्षणाकडे वळविला. त्यानंतर लंडनहून पाठवावयाच्या उत्तराचा मसुदा मिलने तयार केला, आणि त्यात या घाईवर कडक टीका केली. संस्कृत-अरबीच्या विद्यालयांचा आधार एकाएकी काढून घेणे अन्यायाचे आहे, आणि नवे ज्ञान सर्वसाधारण लोकांपर्यंत जाईल ते त्यांच्या भाषांतूनच, त्यासाठी इथला विद्वानवर्गच हाताशी धरावा लागेल, असा त्याचा रोख होता. नियामक मंडळाचे अध्यक्ष हॉबहाउस यांनी तो मसुदा नामंजूर केला. मातृभाषेतून शिक्षणाचा वाद आपल्याकडे अजूनही धगधगतो. त्यातील एक शहाणपणाचा कागद हिंदुस्थान कधीही न पाहिलेल्या माणसाने लिहिला होता आणि तो फायलीतच राहिला.

शिवाय मिलचा अपवाद वंशावर आधारलेला नव्हता. कातडीच्या रंगावरून माणसाची लायकी ठरविण्यास तो कडवा विरोधक होता. निग्रो लोक मुळातच चाकरीसाठी जन्मले आहेत अशा अर्थाचा लेख कार्लाइलने लिहिला, तेव्हा १८५० च्या जानेवारीत मिलने त्याच मासिकात त्याची हजेरी घेतली. (याच कार्लाइलच्या फ्रेंच राज्यक्रांतीवरील ग्रंथाचे पहिले हस्तलिखित १८३५ मध्ये मिलच्या घरी मोलकरणीच्या हातून चुलीत गेले होते, ती मैत्री त्या आगीतून वाचली, पण मतभेदातून वाचली नाही.) माणसांत आणि जातीजमातींत जे फरक दिसतात ते परिस्थितीने घडविलेले असतात, ते निसर्गदत्त मानणे हा आळस आहे, हे त्याचे मत त्याने कधी सोडले नाही. हाच विचार त्याने १८६९ साली स्त्रियांच्या पारतंत्र्यावरील ग्रंथात लावला: स्त्रीला आजवर मोकळे सोडलेच नाही, तर तिचा स्वभाव काय आहे हे कोणाला कसे ठाऊक असणार?

मग हा प्रश्न त्याने हिंदी माणसाविषयी का विचारला नाही? माझ्या मते त्याचे उत्तर त्या परीक्षकपणात आहे. स्त्रीचे पारतंत्र्य त्याने हॅरिएटच्या रूपाने समोर पाहिले होते. हिंदी माणूस त्याला भेटला तो फायलीत. आणि फायलीत माणूस येतो तो कज्जा म्हणून, थकबाकी म्हणून, गैरवर्तन म्हणून. बापाच्या इतिहासाने चौकट दिली होती, कचेरीने तीत पस्तीस वर्षे कागद भरले. वंश नव्हे तर अवस्था, हे सूत्र ऐकावयास उदार वाटते. परंतु अवस्था पुरी झाली की नाही हे ठरविणार कोण? परीक्षा घेणारा, गुण देणारा आणि विद्यार्थी नापास राहण्यात ज्याचा पगार गुंतला आहे तो, अशी एकच व्यक्ती असेल, तर निकालाची तारीख कधीच जाहीर होत नसते. १८५६ मध्ये मिल वडिलांच्याच जागी मुख्य परीक्षक झाला. १८५८ मध्ये कंपनी बरखास्त होऊ लागली तेव्हा तिच्या बचावाचा अर्ज पार्लमेंटसाठी त्यानेच लिहिला. पुढे १८६१ च्या प्रातिनिधिक राज्यपद्धतीवरील ग्रंथात तर त्याने स्वच्छ मान्य केले, की एका लोकसमूहाने दुसऱ्यावर राज्य करणे ही वस्तूच मुळात असू शकत नाही. फार तर तो दुसऱ्याला गुरांच्या कळपासारखा आपल्या फायद्यासाठी बाळगील. एवढे दिसत असूनही त्याने सुचविलेला उपाय काय, तर पार्लमेंटच्या लहरीपासून दूर, जाणत्या अधिकाऱ्यांचे राज्य. म्हणजे त्याच्यासारख्यांचेच.

त्याच ग्रंथात सुशिक्षितांना एकाहून अधिक मते द्यावीत अशीही सूचना आहे. आपल्या वर्गाला ती मनातून गोड वाटते, आणि निवडणुकीच्या निकालानंतर बैठकीत ती अजूनही कोणी ना कोणी मांडतो. हा मोह मिलच्या अपवादाचाच धाकटा भाऊ आहे. जून १९७५ मध्ये आणीबाणी पुकारली गेली तेव्हा गाड्या वेळेवर धावतात, कचेऱ्यांत माणसे जागेवर सापडतात, आपल्या लोकांना हेच हवे होते, असे म्हणणारे कोणी लेडनहॉल स्ट्रीटवरचे साहेब नव्हते, आपल्यातलेच होते.

कंपनीच्या जागी आलेल्या नव्या इंडिया कौन्सिलमधील जागा मिलने नाकारली आणि दीड हजार पौंडांच्या वार्षिक निवृत्तिवेतनावर तो मोकळा झाला. १८६५ मध्ये वेस्टमिन्स्टरच्या मतदारांनी त्याला उभे राहण्याची गळ घातली. त्याच्या अटी ऐकून आजचा उमेदवार मूर्च्छित पडेल: प्रचार करणार नाही, एक पैही खर्च करणार नाही, मतदारसंघाची स्थानिक कामे करणार नाही. कामगारांच्या सभेत कोणी त्याला विचारले, की आमचा वर्ग सहसा खोटे बोलतो असे तुम्ही लिहिले आहे काय? त्याने होय म्हणून सांगितले, आणि सभेने टाळ्यांचा कडकडाट केला. तो निवडून आला. १८६७ च्या मताधिकार विधेयकात पुरुष या शब्दाऐवजी व्यक्ती हा शब्द घालावा, अशी दुरुस्ती त्याने मांडली. ७३ विरुद्ध १९६ मतांनी ती पडली. जमेकात १८६५ मध्ये कृष्णवर्णीयांचा उठाव गव्हर्नर आयरने लष्करी कायद्याखाली चिरडला, चारशेहून अधिक लोक मारले, तेव्हा आयरवर खटला भरावा म्हणून झगडणाऱ्या समितीचा मिल अध्यक्ष झाला. त्याला शिवीगाळीची आणि जिवे मारण्याच्या धमकीची पत्रे येत. आयरला शिक्षा झाली नाही. मिल मात्र १८६८ च्या निवडणुकीत पडला.

उरलेली वर्षे त्याने बहुतेक अव्हीन्योंत काढली. पत्नीच्या थडग्याजवळ त्याने घर घेतले होते. सावत्र मुलगी हेलन त्याची लेखनिक आणि सोबतीण होती. वनस्पती गोळा करण्याचा छंद जुनाच. त्यात कीटकशास्त्रज्ञ फाब्र हा गावातला मित्र जोडीला असे. फाब्रची नोकरी गेली तेव्हा मिलने त्याला तारण न घेता तीन हजार फ्रँक उसने दिले होते. १८७३ च्या मे महिन्याच्या आरंभी वनस्पती हुडकत तो पंधरा मैल चालला, आणि थोड्याच दिवसांत तापाने गेला. त्याला हॅरिएटच्या शेजारीच पुरले.

मिल मुख्य परीक्षक झाला त्याच १८५६ साली, सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी गोपाळ गणेश आगरकरांचा जन्म झाला होता. मिल वारला तेव्हा ते सोळा वर्षांचे होते. पुढे पुण्यास डेक्कन कॉलेजात शिकताना मिल आणि स्पेन्सर यांच्या ग्रंथांनी त्यांना झपाटले. मिलचे पुस्तक त्यांनी आपलेसे केले, अपवाद तेवढा मानला नाही. आपली अवस्था काय आहे याची कोणा परीक्षकाकडे चौकशी करण्याची त्यांना आवश्यकता वाटली नाही. कोल्हापूर प्रकरणातील लेखनाबद्दल १८८२ मध्ये टिळकांसह त्यांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले, तेव्हा गावाने त्यांना डोक्यावर घेतले. मग १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ काढला; विधवांचे केशवपन, बालविवाह, सोवळेओवळे यांवर ते लिहू लागले. पुण्याच्या रस्त्यांतून आगरकरांची प्रेतयात्रा निघाली, ती ते जिवंत असताना, आणि ती काढणारे सरकारी शिपाई नव्हते.